बाइकची ॲल्युमिनियम टाकी घरी बनवताना: गळती पेट्रोलची आणि पैशाची



व्हिडिओत हात कसे चालतात ते दिसतं, पण आकडे लिहून घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून हा लेख. विषय आहे मोटारसायकलची खास मापाची, ॲल्युमिनियमची पेट्रोल टाकी. कॅफे रेसर, स्क्रॅम्बलर अशा बनवून घेतलेल्या गाड्यांची हौस वाढली आहे. जयपूरची राजपुताना कस्टम्स किंवा आपल्याकडची वर्देंची यांची कामं पाहिली की वाटतं, आपल्यालाही जमेल. जमेल, नक्की जमेल. पण सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. या धंद्यात दोन गळत्या असतात. एक पेट्रोलची आणि एक पैशाची. पहिली गिऱ्हाइकाला जाळते, दुसरी तुम्हाला. दोन्ही तपासल्याशिवाय टाकी विकायची नाही.

वजन कमी होतं म्हणून विकू नका

आधी एक गैरसमज दूर करू. "ॲल्युमिनियम म्हणजे एकदम हलकी" असं सगळे सांगतात. हिशेब करून बघू.

साधारण ४५० मिमी लांब, २३० मिमी रुंद आणि १५० मिमी उंच टाकी धरा. गोलाई आणि खालची खाच वजा जाता तिच्यात १० लिटरच्या आसपास पेट्रोल मावतं. तिला सुमारे ०.४५ चौरस मीटर पत्रा लागतो. २ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला ५.४ किलो भरतो, म्हणजे रिकामी टाकी साधारण २.४ किलो. तीच टाकी १ मिमी लोखंडी पत्र्याची केली तर साडेतीन किलो. फरक किती? जेमतेम एक किलो.

एका किलोसाठी कोणी हजारो रुपये मोजत नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते दोन गोष्टींसाठी: त्याला हवा तो आकार आणि गंज नाही याचा दिलासा. जाहिरातीत हेच सांगा, खोटं वजन सांगू नका.

गाडी कोणती घ्यायची?

पहिली टाकी कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीसाठीच करा, आणि शक्यतो स्वतःच्या. अशा गाडीत पेट्रोल उतारानं खाली येतं. टाकीचा कॉक कार्ब्युरेटरपेक्षा वर राहिला की काम झालं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. त्या नियमातल्या गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आहे आणि पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बसतो. त्याची बैठक अगदी सपाट आणि मापात लागते. पेट्रोलची वाफ अडवणारी नळी आणि डबाही असतो. नवशिक्यानं तिकडे वळू नये.

आधी पुठ्ठा, मग पत्रा

पत्र्याला हात लावायच्या आधी पुठ्ठ्याची टाकी बनवा आणि गाडीवर ठेवून बघा. पाच गोष्टी तपासा:

१. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर टाकीला किंवा तुमच्या बोटांना लागतं का?
२. चेसिसचा मधला पाइप खालच्या खाचेत मोकळा बसतो का? केबल आणि वायरिंगला जागा उरते का?
३. बसल्यावर गुडघे कुठे येतात?
४. इंजिनच्या डोक्यापासून पुरेसं अंतर आहे का?
५. कॉक कुठे येतो? खाचेमुळे टाकीचा खालचा भाग दोन कप्प्यांत वाटला जातो. कॉक एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूचं पेट्रोल तिथेच पडून राहतं. मग दोन्ही कप्पे खालून नळीनं जोडावे लागतात.

आता टाकीत किती मावेल? सोपी युक्ती. पुठ्ठ्याच्या टाकीला चिकटपट्टी लावून ती पक्की करा, आत तांदूळ भरा आणि लिटरच्या मापानं मोजा. पत्रा कापल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

टाकी काठोकाठ भरायची नसते हेही लक्षात ठेवा. पेट्रोल तापलं की फुगतं. तापमान २० अंशांनी वाढलं तर १० लिटरमागे सुमारे २०० मिली वाढतं. म्हणून झाकणाची गळपट्टी थोडी आत उतरवा, म्हणजे वर हवेची जागा आपोआप राहील. झाकणाला हवा घेणारं भोक हवंच. ते बुजलं की पेट्रोल खाली येईना होतं, गाडी चालता चालता बंद पडते आणि नाव तुमचं खराब होतं.

पत्रा घेताना फसू नका

दुकानात जाऊन नुसतं "ॲल्युमिनियमचा पत्रा द्या" म्हणू नका. ग्रेड मागा. टाकीसाठी ३००३ किंवा ५०५२ हे दोन ग्रेड योग्य. ३००३ मऊ आहे, गोलाई सहज घेतो. ५०५२ जास्त मजबूत आहे, पण हाताला कडक लागतो. ६०६१ नावाचा पत्रा कोणी गळ्यात मारला तर घेऊ नका. तो वाकवताना तडकतो. भंगारातला पत्राही नको, कारण त्याचा ग्रेड कोणालाच माहीत नसतो.

जाडी २ मिमी घ्या. पातळ पत्र्याला वेल्डिंग करताना भोकं पडतात. हात बसला की १.६ मिमीवर या. ०.४५ चौरस मीटरच्या टाकीसाठी ०.८ चौरस मीटर पत्रा घ्या. कात्रण वाया जाणारच.

आकार: तांबट आळीची विद्या

महागडं यंत्र नसेल तर गोलाई येणार नाही, असं वाटतं का? पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी आठवा. तांब्याच्या पत्र्याला हातोडीनं ठोकून घंगाळ, हंडे बनवणारी ती माणसं जे करतात, तेच आपण इथे करायचं. पत्रा तापवून मऊ करायचा, ठोकून खोलगट करायचा, आणि मठारून एकसारखा करायचा.

लागतं काय? लाकडी मोगरी, गुळगुळीत तोंडाची हातोडी, वाळू भरलेली जाड कातडी किंवा कॅनव्हासची पिशवी, पत्रा कापायची कात्री, कानस, शिकंजे. पत्रा पिशवीवर ठेवून मोगरीनं मधून बाहेर असे छोटे छोटे घाव घाला. एकाच जागी जोरात ठोकलं तर तिथे पत्रा पातळ होतो.

ठोकता ठोकता पत्रा कडक होतो. आवाज बदलतो, मोगरी उडायला लागते. तेव्हा थांबा आणि पत्रा मऊ करून घ्या. पण सावधान! लोखंड तापलं की लाल होतं, ॲल्युमिनियम होत नाही. ते ६६० अंशांच्या आसपास वितळतं आणि रंग न बदलता अचानक खाली गळतं. म्हणून पत्र्यावर अंगाचा साबण घासा. बर्नरची ज्योत फिरती ठेवा. साबणाची रेघ काळपट तपकिरी झाली की लगेच ज्योत काढा. झालं, पत्रा पुन्हा मऊ.

पहिल्या टाकीत फार गोलाया घेऊ नका. दोन बाजू, एक वरचा भाग, एक तळ. तळाची खाच सरळ वाकवून काढा. साधा आकार, पण जोड चांगले. हीच पहिली परीक्षा.

बंद करण्याआधी आत बघा

टाकी एकदा बंद झाली की आत हात जात नाही. म्हणून झाकणाची गळपट्टी, कॉकचा आटेदार बंग आणि आतली आडवी पट्टी आधी बसवा, तळ शेवटी जोडा. आडव्या पट्टीमुळे ब्रेक मारल्यावर पेट्रोल एकदम पुढे आदळत नाही आणि बाजूचे पत्रेही थरथरत नाहीत. पट्टीच्या खालच्या कोपऱ्यांना मात्र वाट ठेवा, नाहीतर पेट्रोल अडकेल.

टाकी चेसिसवर कधीही थेट आवळू नका. एका सिलिंडरच्या गाडीचे धक्के सतत बसतात आणि ॲल्युमिनियम अशा धक्क्यांनी हळूहळू तडकतं. जिथे पकड बसते तिथे आधाराला दुसरा पत्रा जोडा आणि मध्ये रबर द्या. घरी केलेल्या टाक्या मधल्या पत्र्यावर क्वचित फुटतात, फुटतात त्या या पकडीच्या कडेला.

वेल्डिंग: यंत्र घ्यायचं की काम बाहेर द्यायचं?

ॲल्युमिनियमला टिग वेल्डिंग लागतं, तेही एसी करंटवर. कारण सांगतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो. धातू ६६० अंशांना वितळतो, हा थर मात्र २,००० अंशांच्या वर. एसी करंट तो थर फोडत जातो. स्वस्तातलं टिग मशीन बहुधा फक्त डीसी असतं. ते लोखंडाला आणि स्टीलला चालतं, या कामाला नाही. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा: "एसी टिग आहे का?"

माझा सल्ला, सुरुवातीला मशीन घेऊच नका. कोल्हापूरचं उद्यमनगर, पुण्याचं भोसरी, नाशिकचं सातपूर-अंबड, अशा ठिकाणी ॲल्युमिनियमचं टिग जॉबवर्क करणारे कारागीर शोधा. घरी पुठ्ठा, कापणी, ठोकणी करा आणि जोड त्यांच्याकडून मारून घ्या. शेजारी उभं राहून शिका. घरगुती वीज जोडणीवर मोठं मशीन चालेल का, हा प्रश्नही त्यामुळे पुढे ढकलला जातो.

वेल्डरकडे जाण्याआधी या गोष्टी मात्र तुमच्या हातात आहेत:

• जोडाच्या कडा एकमेकींना घट्ट भिडल्या पाहिजेत. फट दिसली की आधी कानस, मग वेल्डिंग.
• कडा ॲसिटोननं पुसा, वाळू द्या, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टीलच्या ब्रशनं घासा. लोखंडावर वापरलेला ब्रश चालत नाही.
• क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नका. वेल्डिंगच्या आर्कमुळे त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.
• पत्रा कोणता आहे ते वेल्डरला सांगा. ५०५२ ला ५३५६ ची फिलर सळई, ३००३ ला ४०४३ ची.
• आधी सगळीकडे छोटे टाके, एकदा इकडे एकदा तिकडे. एका टोकापासून सलग ओढत गेलात तर पत्रा पिळतो.

आणि एक मोह टाळा. जोडावरचा उंचवटा ग्राइंडरनं पूर्ण सपाट करू नका. टाकी आरशासारखी दिसेल, पण जोड तिथेच पातळ होतो. गिऱ्हाइकाला सांगा, "हा उंचवटा म्हणजे तुमची सुरक्षा."

तपासणी: बीपीचं यंत्र काढा

आता पहिली गळती पकडायची. पेट्रोल भरून गळती बघू नका, कधीच नाही. घरात पेट्रोल आणायचंही नाही. हवा आणि पाणी पुरे.

रक्तदाब मोजायचं हातपंपाचं यंत्र असतं ना? त्याचा रबरी पंप आणि मीटर या कामाला झकास. टाकीची सगळी तोंडं बंद करा, एकातून हवा भरा आणि मीटर १०० वर आणा. जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तिथे खूण करा. मग १५ मिनिटं काटा बघत बसा. टाकी उन्हात किंवा नुकतीच वेल्डिंग केलेली नको, कारण आतली हवा एका अंशानं थंड झाली तरी काटा साधारण ३ नं उतरतो आणि तुम्ही नसलेली गळती शोधत बसता.

कोणी म्हणेल, "गॅरेजचा कॉम्प्रेसर आहे की." हात जोडून सांगतो, लावू नका. मीटर १०० वर असताना, म्हणजे जेमतेम २ पीएसआयला, ४५० बाय १५० मिमीच्या एका बाजूवर ९० किलोच्या आसपास जोर पडतो. कॉम्प्रेसरची १०० पीएसआय हवा आत गेली तर त्याच पत्र्यावर साडेचार टनांच्या वर. टाकी फुगणार नाही, फुटेल. समोर तुमचं तोंड असेल.

हवेत पास झाली की टाकी पाण्यानं भरून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा पाहिजे. मग पाणी काढून टाकी पूर्ण वाळवा आणि आतले धातूचे कण धुऊन काढा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. तळाशी पाणी साचून राहिलं तर ॲल्युमिनियमलाही बारीक खड्डे पडतात. म्हणून गाडी बरेच महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवायला सांगा.

बारीक गळती आतून लेप लावून बुजवायचा विचारही करू नका. सगळे लेप इथेनॉलपुढे टिकत नाहीत. जोड पुन्हा मारा. तीनदा मारूनही गळत असेल तर ती टाकी भंगारात घाला. होय, भंगारात.

गिऱ्हाईक कधीतरी जुनी, वापरलेली टाकी दुरुस्तीला घेऊन येईल. घेऊ नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत, जोडांच्या सांदीत पेट्रोलची वाफ राहते आणि धुतल्यानंतरही ती गेली याची खात्री घरी देता येत नाही. अशी टाकी वेल्डिंगला घेतली की ती बॉम्ब असते. पाचशे रुपयांच्या कामासाठी घर पणाला लावायचं नाही.

कायदा वाचा, मग ऑर्डर घ्या

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची ऑर्डर घेण्याआधी गिऱ्हाइकाला आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारायला सांगा. सुरुवात प्रदर्शनातल्या गाड्या आणि बंद ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांपासून करा. गिऱ्हाईक म्हणालं "बघू हो नंतर," तर तुम्ही नम्रपणे नाही म्हणा.

आता दुसरी गळती: पैशाची

खालचे भाव समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे भाव टाकून हिशेब करा.

पत्रा ४.५ किलो, ४०० रुपयांनी: १,८०० रुपये
झाकण, कॉक, बंग, रबर: १,८०० रुपये
वेल्डिंग जॉबवर्क: २,५०० रुपये
डिस्क, पॉलिश पेपर, ॲसिटोन, गॅस, वीज: ६०० रुपये
एकूण साहित्य आणि जॉबवर्क: ६,७०० रुपये

इथे बहुतेक जण थांबतात. "६,७०० लागले, १०,००० ला विकली, ३,३०० नफा!" मित्रांनो, हा नफा नाही. टाकीला ३० तास लागले असतील तर तुम्हाला तासाला ११० रुपये मिळाले. आणि एक टाकी भंगारात गेली तर? झाकण-कॉक परत वापरता येतील, पण उरलेले ४,९०० गेले. म्हणजे दीड टाकीची कमाई एका फटक्यात साफ.

बरोबर हिशेब असा:

साहित्य आणि जॉबवर्क: ६,७०० रुपये
तुमची मजुरी, ३० तास, २०० रुपयांनी: ६,००० रुपये
सहात एक टाकी वाया जाते असं धरून तिचा वाटा: २,१८० रुपये
एकूण खर्च: १४,८८० रुपये
त्यावर २० टक्के धंद्याचा नफा: २,९७६ रुपये
विक्री किंमत: जवळजवळ १८,००० रुपये, रंग वेगळा

वाया गेलेल्या टाकीचा वाटा कसा काढला? तिच्यावरचा १०,९०० रुपयांचा खर्च, म्हणजे ४,९०० चं साहित्य आणि ६,००० ची मजुरी, उरलेल्या पाच चांगल्या टाक्यांवर वाटला.

हा वाटा किमतीत धरणं फार महत्त्वाचं आहे. का? जो माणूस तो धरत नाही, त्याला गळकी टाकी भंगारात घालणं परवडत नाही. मग तो लेप लावतो, रंग मारतो आणि देवाचं नाव घेऊन विकतो. पैशाची गळती अशी पेट्रोलची गळती होते. ज्याची किंमत बरोबर, त्यालाच प्रामाणिक राहणं सोपं जातं.

मशीनचंही तसंच. समजा एसी टिग मशीन ९०,००० ला पडलं आणि गॅस-वीज जाता दर टाकीमागे १,८०० वाचले, तर मशीन फिटायला ५० टाक्या लागतील. महिन्याला दोन टाक्या होत असतील तर दोन वर्षं. आधी ऑर्डरी, मग मशीन.

सुरुवात अशी करा

पहिली टाकी स्वतःच्या प्रदर्शनाच्या गाडीसाठी. दुसरी ओळखीच्या माणसाला, खर्चाच्या किमतीत पण पूर्ण तपासून. त्यानंतर १८,००० म्हणायला लाजायचं नाही. ऑर्डर घेताना निदान साहित्याचे पैसे आगाऊ घ्या.

एक साधी वही करा. प्रत्येक टाकीला क्रमांक कोरा आणि वहीत लिहा: तारीख, पत्र्याचा ग्रेड, वेल्डर कोण, हवेची तपासणी, पाण्याची तपासणी, कोणाला दिली. पान गिऱ्हाइकासमोर उघडा आणि त्याच्याच हातानं बीपीच्या यंत्राचा पंप दाबून घ्या. १५ मिनिटं काटा हलत नाही हे त्यानं स्वतः पाहिलं की तो किंमत कमी करा म्हणत नाही.

या आठवड्याचं तुमचं काम: पुठ्ठ्याची एक टाकी बनवा, तांदूळ भरून मोजा आणि वरचा हिशेब तुमच्या गावच्या भावानं वहीत उतरवा. पत्रा त्यानंतर. भेटूया पुढच्या व्हिडिओत, तोपर्यंत काम करत राहा आणि हिशेब लिहीत राहा!